आधी देण्यांची यादी, मग मृत्युपत्र: माझा अनुभव

मृत्युपत्रात काय लिहायचं ते ठरवण्याआधी वकीलबाईंनी मला देण्यांची यादी करायला लावली. मालमत्तेची नंतर. माझा छपाईचा व्यवसाय प्रोप्रायटरी, म्हणजे माझ्या एकट्याच्या मालकीचा आहे, आणि असा व्यवसाय कायद्यानं मालकापासून वेगळा नसतो. सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे व्यवसायासाठीचं बँकेचं फिरतं कर्ज) खातं, कागदाची उधारी, राहिलेला कर, सगळं माझं वैयक्तिक देणं. माझ्या पश्चात ते आधी फिटणार आणि उरेल ते मृत्युपत्राप्रमाणे वाटलं जाणार. वारसांना स्वतःच्या खिशातून भरावं लागत नाही. मिळालेल्या मालमत्तेपुरतीच त्यांची जबाबदारी. पण ती मालमत्ता म्हणजे राहतं घरच असेल, तर बायकोला या दिलाशाचा काय उपयोग?

म्हणून विमा आधी घेतला. साधी टर्म पॉलिसी, पण 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली. अशी पॉलिसी पत्नी आणि मुलांसाठीचा ट्रस्ट मानली जाते. माझी देणी तिथवर पोहोचत नाहीत. मात्र देणी बुडवण्याच्या हेतूनं हप्ते भरले असतील, तर हे संरक्षण पूर्ण मिळत नाही. प्रस्तावासोबतच वेगळा फॉर्म द्यावा लागतो. आधी घेतलेली पॉलिसी मागाहून या कायद्याखाली आणता येत नाही, आणि लाभार्थी एकदा लिहिले की बदलता येत नाहीत. एजंट 'आधी पॉलिसी निघू दे, ते नंतर बघू' म्हणाला तर ऐकू नका, हे मी ओळखीच्या प्रत्येक व्यावसायिकाला सांगतो.

नॉमिनींचं काम लवकर उरकलं. नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. पण नॉमिनी मालक होतोच असं नाही; शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये तेच स्पष्ट केलं. म्हणून नॉमिनीची आणि मृत्युपत्रातली नावं जुळवून घेतली.

खरा वेळ गेला तो मुलांच्या वाट्यात. मुलगी माझ्यासोबत प्रेस चालवते, मुलगा नोकरीत आहे. यंत्रं निम्मी-निम्मी लिहिली असती, तर प्रेसमध्ये कधी न येणाऱ्याला प्रत्येक निर्णयात विचारावं लागलं असतं. मी दोघांना समोर बसवून सीसीची बाकी दाखवली. मुलगा म्हणाला, "बाबा, प्रेस ताईलाच द्या, पण तिचं कर्जही ताईच्याच वाट्याला लिहा." मला ते पटलं, मुलीलाही. प्रेस, तिची येणी आणि देणी मुलीकडे, ठेवी मुलाकडे, घर बायकोचं. असं लिहिल्यानं बँकेचा हक्क जराही कमी होत नाही, पण आपसात कोणी काय सोसायचं ते ठरून जातं. जीएसटी नोंदणी मुलीला स्वतःच्या पॅनवर घ्यावी लागेल, तेही तिला सांगितलं.

सहीला दोन साक्षीदार घेतले, दोघेही माझ्याहून लहान आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. मी मात्र केली.

आता मुलीला व्यवसायात भागीदार करायचं आहे. दोघांचीच भागीदारी असेल तर एकाच्या मृत्यूनं ती संपते. तिसरी भागीदार म्हणून बायकोला घेतलं, तर व्यवसायाची देणी पुन्हा तिच्या अंगावर येतात. त्यामुळे सीएंबरोबर एलएलपीचा, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेचा, विचार चालू आहे. तिथे भागीदार गेला तरी संस्था टिकते आणि भागीदारांची जबाबदारी मर्यादित राहते. बँक वैयक्तिक हमी मागेलच. ती माझ्या एकट्याची राहावी, बायकोची सही त्यावर नको, एवढं मी बँकेत आत्ताच सांगून ठेवलं आहे.