तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी चालवता येते, मग छोट्या ट्रॅक्टरमध्ये वेगळं काय शिकायचं?

हा प्रश्न मला सारखा येतो. कुणीतरी वीस-पंचवीस एचपीचा छोटा ट्रॅक्टर घेतलेला असतो, तो दारात उभा असतो, आणि फोन येतो की अहो मी पंधरा वर्षं गाडी चालवतोय, क्लच ब्रेक गिअर सगळं तेच तर आहे, मग यात शिकायचं काय? एका बाजूने प्रश्न बरोबर आहे कारण ट्रॅक्टर चालू करून सरळ न्यायला अर्धा तास पुरतो. पण मी बघितलंय की नवीन माणसाच्या बहुतेक चुका गाडी येते म्हणूनच होतात, हातापायांना जी सवय लागलेली असते ती इथे उलटी पडते.

पहिली सवय रेसची. गाडीत आपण पायाने रेस कमी-जास्त करत राहतो, डिझेल वाचवायचं तर पाय हलका ठेवतो. ट्रॅक्टरला हाताची रेस असते, ती एकदा लावायची आणि सोडून द्यायची, कारण इंजिनला गव्हर्नर असतो, लोड आला की तो स्वतः डिझेल वाढवतो आणि आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, धरून ठेवतो. रोटावेटर किंवा गवत कापायचं औजार जोडलं की पीटीओ, म्हणजे इंजिनची ताकद औजाराला देणारा मागचा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेरे फिरला पाहिजे, आणि ते ५४० इंजिनच्या कुठल्या आरपीएमला मिळतात त्याची खूण बहुतेक ट्रॅक्टरच्या मीटरवर असते, काटा तिथे आणायचा आणि काम संपेपर्यंत तिथेच ठेवायचा. आवाज मोठा येतो म्हणून लोक घाबरून रेस कमी करतात आणि मग माती नीट फुटत नाही, इंजिन दबतं, काळा धूर येतो. धूर काळा झाला आणि आरपीएम पडला की रेस नाही वाढवायची, गिअर खाली घ्यायचा. मोठ्या आवाजात पण मोकळं फिरणारं इंजिन सुखात असतं, हळू आवाजात कण्हणारं नसतं, कारण पाण्याचा पंप, पंखा, हायड्रॉलिकचा पंप सगळे इंजिनच्या वेगावरच चालतात, आरपीएम पाडला की थंडावाही कमी आणि लोड तेवढाच. पीटीओ जोडताना मात्र रेस कमी ठेवायची, जोडून झाल्यावर मग हळूहळू वाढवायची.

क्लचचं थोडक्यात. पेडलवर पाय टेकवून बसायचं नाही, रिलीज बेअरिंग आणि प्लेट दोन्ही झिजतात. बऱ्याच ट्रॅक्टरना डबल क्लच असतो, अर्धा दाबला की चाकं थांबतात पण पीटीओ फिरत राहतो, पूर्ण दाबला की पीटीओपण थांबतो. तुमच्याकडे कुठला आहे ते औजार न जोडता एकदा बघून घ्या.

आता उतार. गाडीवाले उतारावर क्लच दाबतात किंवा न्यूट्रल करतात, आणि ही सवय मला सगळ्यात जास्त भीती घालते. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. मागे ट्रॉली असेल तर ती ढकलते, पुढे माती उचलणाऱ्या लोडरचं भरलेलं बकेट असेल तर मागचा भाग हलका होतो, आणि मग मागची चाकं नुसती घसरतात, ब्रेक कितीही दाबा. म्हणून ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, इंजिनलाच धरू द्यायचं, आणि जमीन कच्ची असेल व फोर व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद) असेल तर ते टाकूनच उतरायचं म्हणजे पुढची चाकंपण धरतात. पक्क्या सपाट रस्त्यावर मात्र फोर व्हील काढायचं. पुढची चाकं मुद्दाम किंचित जास्त वेगाने फिरतील अशीच बनवलेली असतात, मऊ मातीत तो फरक घसरून निघून जातो, डांबरावर तो टायर आणि गिअरवर येतो. रस्त्यावर निघताना ब्रेकची दोन्ही पेडलं एकमेकांना जोडणारी कडी लावायची, कारण शेतात वळायला डावा-उजवा ब्रेक वेगळा उपयोगी पडतो पण रस्त्यावर वेगात एकच बाजू धरली तर ट्रॅक्टर आडवा होतो. डिफरन्शियल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा, फक्त सरळ जाताना, चाक जागेवर फिरत असेल तेवढ्यापुरतं, वळायच्या आत सोडायचं.

यापुढचं मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण यात माझा स्वतःचा अनुभव आहे.

ट्रॅक्टर नवीन होता तेव्हा मला एक वाळलेला बुंधा उपटायचा होता. साखळी होती, बुंध्याला गुंडाळली आणि दुसरं टोक ट्रॅक्टरच्या मागे, जिथे औजाराला वरून जोडणारी दांडी म्हणजे टॉप लिंक लागते त्या वरच्या ब्रॅकेटला अडकवलं, कारण ते हाताशी आणि मजबूत दिसत होतं. लो गिअर टाकला, क्लच सोडला. बुंधा हलला नाही, मागची चाकंही घसरली नाहीत, आणि समोरचं बोनेट शांतपणे वर यायला लागलं. वेग वगैरे काही नव्हता, आवाजही बदलला नव्हता. माझा पाय क्लचवरून पूर्ण उठलेला नव्हता एवढंच, तो परत दाबला गेला आणि पुढची चाकं आदळून खाली आली. बांधावरून एक काका बघत होते, ते चालत आले, काही रागावले नाहीत, साखळी स्वतः सोडली आणि खालच्या ड्रॉबारला, म्हणजे मागे खाली ओढण्यासाठीच असलेल्या पट्टीला, लावून म्हणाले, ओढायचं ते इथूनच, दुसरीकडून कधीच नाही, लक्षात ठेव.

का ते नंतर समजून घेतलं. इंजिन मागच्या एक्सलला पिळतं, चाकं फिरायला मोकळी असतील तर ती फिरतात, पण चाकं अडकली आणि मागचं वजन हलेना तर तोच पीळ ट्रॅक्टरच्या धडाला एक्सलभोवती उचलायला लागतो. साखळी एक्सलच्या वर बांधली असेल तर ती त्याला मदत करते, ड्रॉबारला खाली असेल तर उलट पुढचा भाग खाली दाबून धरते. ट्रॅक्टर मागे पूर्ण उलटायला दीड सेकंदसुद्धा लागत नाही, आणि त्यातला साधारण पाऊण सेकंद गेला की क्लच दाबूनही उपयोग नसतो. मी घाबरलो हे मला कळेपर्यंत जवळपास तेवढाच वेळ गेला होता. चाक चिखलात रुतलं की बाहेर यायला चाकासमोर लाकूड बांधणं किंवा टाकणं हेही याच कारणाने जिवावर बेततं, अशा वेळी शक्य असेल तर रिव्हर्स घ्या, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने बाहेर काढा.

तीन पॉइंटची जी जोडणी आज प्रत्येक छोट्या ट्रॅक्टरवर दिसते तिच्यामागेही हीच गोष्ट आहे. सुरुवातीचे हलके ट्रॅक्टर नांगर दगडाला अडकला की असेच उलटायचे. हॅरी फर्ग्युसन या अभियंत्याने १९२० च्या दशकात औजार ट्रॅक्टरला वरून एक आणि खालून दोन अशा तीन ठिकाणी बांधलं, त्यामुळे नांगराला जोर लागला की वरची लिंक ट्रॅक्टरला पुढे ढकलते आणि नाक खाली राहतं. १९३९ च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरवर ही जोडणी आली आणि मग सगळीकडे पसरली. मी ज्या ब्रॅकेटला साखळी बांधली ते ब्रॅकेट ढकलणं सोसायला केलेलं होतं, मी त्याच्यावरून ओढत होतो.

आणि सीटच्या मागची ती कमान, ट्रॅक्टर उलटला तर माणसाला वाचवणारी. झाडाच्या फांद्या लागतात, शेडमध्ये मावत नाही, म्हणून लोक काढून कोपऱ्यात ठेवतात, कृपा करून ठेवू नका. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरना संरक्षक चौकट सक्तीची केली आणि उलटून मरणाऱ्यांचं प्रमाण पुढच्या वर्षांत खूप खाली आलं. कमान उभी असेल तर सीटबेल्ट लावायचाच, कारण बेल्ट नसेल तर माणूस कमानीच्या आत राहत नाही. कमान दुमडलेली असेल तर बेल्ट लावायचा नाही, आणि काम झालं की ती लगेच उभी करायची.

पीटीओच्या शाफ्टबद्दल एवढंच की ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे. बाहीचा दोरा त्यात गेला तर हात ओढून घ्यायला वेळ मिळत नाही. वरचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं असेल तर आधी ते बदला, फिरता शाफ्ट ओलांडू नका, औजारात काही अडकलं तर पीटीओ काढा, इंजिन बंद करा, चावी खिशात घाला, सगळं थांबलेलं डोळ्यांनी बघा आणि मग हात घाला. शिअर बोल्ट, म्हणजे जास्त लोड आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट, तुटला तर तेवढ्याच ताकदीचा बोल्ट टाकायचा, घरात पडलेला कडक बोल्ट टाकला की पुढच्या वेळी गिअरबॉक्स तुटतो.

देखभालीतसुद्धा गाडीचा हिशोब चालत नाही. गाडी किलोमीटर मोजते, ट्रॅक्टर तास मोजतो. २५० तास ऐकायला काहीच वाटत नाही, पण ताशी ४० ने धरलं तर ते १०,००० किलोमीटर होतात, तेही जवळपास सगळे लोडवर. नवीन ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस तर साधारण ५० तासांतच असते, कारण नवे गिअर आणि रिंगा घासून जो धातूचा बारीक चुरा निघतो तो पहिल्या ऑइलमध्ये आणि फिल्टरमध्ये जमतो, ती चुकवू नका. पुढचे आकडे मॅन्युअलमध्ये असतात ते पाळा. चाकांचे नट पहिल्या काही तासांनी पुन्हा आवळा, नवीन रिम बसताना ते सैल होतात.

एअर फिल्टरबद्दल लोक उलटी चूक करतात, काळजी म्हणून रोज उघडून झटकतात. प्रत्येक वेळी उघडताना थोडी धूळ आत जाते आणि आपटून कागद फाटतो, फाटका फिल्टर बाहेरून चांगलाच दिसतो आणि इंजिन आतून घासत राहतं. रोज फक्त खालचा रबरी व्हॉल्व्ह दाबून धूळ पाडा, फिल्टर मॅन्युअल सांगेल तेव्हाच काढा, हवा मारायची तर कमी प्रेशरने, आतून बाहेर. रेडिएटरच्या पुढची जाळी मात्र खरंच रोज साफ करा, गवत कापताना तर दिवसातून दोनदा, इंजिन गरम होण्याचं कारण मला सगळ्यात जास्त वेळा तिथेच सापडलंय. ग्रीस साधारण १० तासांनी, ग्रीस भरायचं निप्पल आधी पुसून, नाहीतर गनने मातीच आत ढकलली जाते, आणि पुढच्या एक्सलच्या मधल्या पिनला विसरू नका, ती खाली लपलेली असते म्हणून सगळे विसरतात.

गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं ऑइल बहुतेक छोट्या ट्रॅक्टरमध्ये एकच असतं, त्यामुळे त्यात कुठलंही ऑइल ओतू नका, आणि ते दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी गेलंय. डिझेल काम संपल्यावर, इंजिन थंड झालं की टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी सुटतं आणि ते फिल्टरच्या काचेच्या वाटीत खाली साठलेलं दिसतं.

दिवस संपल्यावर औजार जमिनीवर टेकवा, हायड्रॉलिकवर उचललेलं सोडून जाऊ नका, सील गळलं किंवा कुणा मुलाने लिव्हर ओढला तर ते खाली येतं. पीटीओ काढा, पार्किंग ब्रेक लावा, टर्बो असेल तर दोन-तीन मिनिटं कमी रेसवर चालू द्या, मग बंद करा आणि चावी काढून घ्या.