विटलेल्या जिभेची आवड

बिअरच्या शौकिनाला तुमची आवडती बिअर कोणती असे विचारू नये; तुम्ही कोणत्या बिअरला विटलात, असे विचारावे. पहिल्या प्रश्नावर तो हॉप्सच्या (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या) जाती, तिला आंबवणाऱ्या यीस्टचे वाण आणि माल्टचे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचे, भाजणे यांविषयी लांबलचक उत्तर देईल, आणि ते उत्तर पुढच्या वर्षी बदललेले असेल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका वाक्यात मिळते आणि बहुधा कायम राहते. छोट्या, स्वतंत्र कारखान्यांत चवीसाठी जीव टाकून केलेल्या बिअरचा, म्हणजे क्राफ्ट बिअरचा, नाद गेल्या पन्नास-साठ वर्षांत ज्या ज्या देशात रुजला तिथे तो कसल्या तरी कंटाळ्यातून उगवला, आणि ज्याचा कंटाळा आला होता त्याच्या बरोबर उलट टोकाला तिथली आवड जाऊन बसली, असे मला दिसत आले आहे.

इंग्लंडमध्ये हा कंटाळा फेसाचा होता. साठच्या दशकात तिथल्या मोठ्या कंपन्यांनी गाळलेली, पाश्चराइज केलेली आणि वायूच्या दाबाने नळातून येणारी बिअर पबापबांत पोहोचवली. वॉटनीज रेड बॅरल हे त्यातले सर्वांत बदनाम नाव. १९७१ मध्ये आयर्लंडच्या केरी भागात सुटीवर गेलेल्या चार इंग्रज तरुणांनी या बिअरविरुद्ध 'कॅमरा' नावाची संघटना काढली आणि पिंपातच शेवटपर्यंत आंबत राहणाऱ्या, कमी फेसाच्या, तळघरात जेवढा गारवा असेल तेवढीच थंड असलेल्या जुन्या एलचा, म्हणजे थोड्या उबेत आंबवलेल्या बिअरचा, आग्रह धरला. आपल्याकडच्या माणसापुढे ती बिअर ठेवली तर 'ही उतरली आहे, बदलून आणा' असे तो वेटरला सांगेल. पण इंग्रज शौकिनाला तेच हवे होते, कारण त्याला ज्याचा उबग आला होता तो बुडबुड्यांचाच होता.

अमेरिकेतले दुखणे वेगळे होते. १९२० ते १९३३ या दारूबंदीने तिथल्या लहान कारखान्यांचे कंबरडे मोडले, उरलेले मोठ्यांनी गिळले, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस देशभरात बिअर बनवणाऱ्या कंपन्या शंभराच्याही आत आल्या. त्या जवळजवळ सगळ्या एकाच प्रकारची बिअर बनवत: फिकी, हलकी, बर्फासारखी थंड आणि चवीच्या नावाने शून्य. त्यामुळे तिथल्या बंडाने चव मागितली, आणि तीही ठसठशीत. सॅन फ्रान्सिस्कोतला अँकर हा बुडीत निघालेला कारखाना फ्रिट्झ मेटॅग या तरुणाने १९६५ मध्ये घेतला होता. १९७२ मध्ये ऑरेगनमधल्या सरकारी संशोधनातून कॅस्केड ही हॉप्सची नवी जात बाहेर पडली, आणि १९७५ मध्ये अँकरने तिच्या जोरावर लिबर्टी एल काढली. कॅस्केडला पपनसाच्या सालीसारखा वास येतो. युरोपातल्या जाणत्यांना तो उग्र वाटे, अमेरिकनांनी मात्र तो डोक्यावर घेतला. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने घरी बिअर करण्याला मुभा मिळाली आणि गॅरेजमध्ये पातेली चढू लागली. १९८० मध्ये सुरू झालेल्या सिएरा नेवाडाची पेल एल तर पुढच्या पिढीची मुळाक्षरे ठरली.

तिथून पुढची पंचवीस-तीस वर्षे हा कडूपणाचा चढता आलेख आहे. इंडिया पेल एल म्हणजे आयपीए, मग दुप्पट हॉप्सची डबल आयपीए, मग त्याहूनही पुढे. कडूपणा मोजण्याचे आयबीयू नावाचे एक परिमाण असते. बाटलीवर तो आकडा शंभराच्या पुढे छापण्याची चढाओढ लागली, जरी एका मर्यादेपलीकडे माणसाच्या जिभेला त्यातला फरक कळत नाही. कोल्हापुरात पाहुण्याने तांबडा रस्सा घाम पुसत का होईना पण वाटी पालथी करून संपवावा, तसा त्यात मर्दुमकीचा भाग होता. आवडीपेक्षा सोसण्याला मान होता, असे म्हटले तर जुने शौकीन रागावतील, पण त्यांच्यातलेच काही आता ते खासगीत कबूल करतात.

या आयपीएचा आपल्याशी संबंध नावापुरता नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या बो भागातला हॉजसन हा कारखानदार ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून आपली फिकट रंगाची, भरपूर हॉप्स घातलेली बिअर हिंदुस्थानात पाठवी. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिने डुचमळत ती मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याच्या धक्क्यांवर उतरेपर्यंत चांगलीच मुरलेली असे. पुढे १८२० च्या दशकात बर्टन गावच्या कारखानदारांनी हा धंदा हॉजसनच्या हातून काढून घेतला. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्समचे प्रमाण मोठे आहे आणि त्याने हॉप्सचा कडूपणा स्वच्छ, धारदार लागतो. ही बिअर खास हिंदुस्थानसाठी शोधून काढली ही गोष्ट रंगतदार असली तरी खरी नाही, कारण अशा हॉप्सभरल्या एल इंग्लंडात आधीपासून होत्या. शिवाय ती पिणारे होते ते हपिसातले साहेब आणि लष्करातले अधिकारी. साध्या गोऱ्या शिपायांच्या वाट्याला काळी पोर्टर येई आणि तीच अधिक खपे. इथल्या माणसाला कोणी विचारलेच नव्हते. दोनशे वर्षांनी हाच प्रकार अमेरिकेचा फेरा घालून पुण्या-मुंबईच्या नळांवर आला तेव्हा इथल्या माणसाला प्रथमच विचारले गेले, आणि बहुतेकांनी तोंड वाकडे केले.

पण तोपर्यंत अमेरिकनही कडूपणाला कंटाळले होते. व्हरमाँट राज्यातल्या वॉटरबरी गावात द अल्केमिस्ट नावाच्या छोट्या कारखान्याची हेडी टॉपर ही बिअर आधीपासून स्थानिकांत नावाजलेली होती. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुराने त्यांचा पब बुडवला, त्याच सुमारास तिचे कॅन बाजारात आले, आणि लोक शेकडो मैल गाडी हाकत ते घ्यायला येऊ लागले. ही बिअर गढूळ होती. यीस्ट आणि प्रथिने गाळून न काढता तशीच ठेवलेली, आणि हॉप्स उकळताना कमी व थंड झाल्यावर जास्त घातलेले. यात मुख्य युक्ती हीच आहे: हॉप्समधली आम्ले उकळल्याशिवाय कडू होत नाहीत, म्हणून उशिरा घातलेल्या हॉप्सचा नुसता वास उतरतो. पिणाऱ्याला आंबा, संत्रे, अननस असे सगळे जाणवते, जरी पिंपात फळाची फोडही पडलेली नसते. या गढूळ, रसाळ आयपीएने बघता बघता कडू आयपीएला मागच्या बाकावर बसवले. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या क्राफ्ट कारखानदारांच्या संघटनेने तिला अधिकृत प्रकारांच्या यादीत जागा दिली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोतून निघालेली ब्रूट आयपीए, म्हणजे साखरेचा अंशही न ठेवणारी शँपेनसारखी कोरडी बिअर, मोठ्या गाजावाजाने आली आणि दोनेक वर्षांत जवळजवळ अदृश्य झाली. ती वाईट नव्हती, पण कोरडेपणाचा अभाव ही कोणाचीच तक्रार नव्हती, आणि ज्या बिअरमागे कोणाचा कंटाळा उभा नाही ती टिकत नाही.

या सगळ्या चढउतारांत एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे, ती म्हणजे गुण देण्याची पद्धत. अनटॅप्डसारख्या ॲपवर जगभरचे शौकीन प्रत्येक बिअरला पाचपैकी तारे देतात आणि त्या यादीच्या माथ्यावर बोर्बन व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेल्या, काकवीसारख्या काळ्या, दाट इंपीरियल स्टाउट आणि दुप्पट-तिप्पट हॉप्सच्या आयपीए ठाण मांडून बसलेल्या असतात. कारण उघड आहे. शौकीन बरेचदा चार-सहा छोट्या पेल्यांचा ट्रे मागवून एकेक घोट चाखतो, आणि एका घोटात जी बिअर मोठ्याने बोलते तिलाच तो ऐकतो. व्हॅनिला, चॉकलेट, नारळ घातलेली बारा टक्के अल्कोहोलची स्टाउट दोन घोटांपुरती थोर लागते. तिचा पूर्ण पाइंट प्यायला लावला तर हेच तारे किती उरतील, हा प्रश्न कोणी विचारत नाही. मित्रांबरोबर संध्याकाळभर बसायला लागणारी बिअर आणि तारे मिळवणारी बिअर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि नादात बुडालेला माणूस दुसरीच्या शोधात पहिली हरवून बसतो.

आपल्याकडची गोष्ट याहून उलटी आहे आणि म्हणूनच मला ती अधिक रोचक वाटते. महाराष्ट्रात पाच टक्क्यांपर्यंत अल्कोहोलची बिअर माइल्ड आणि त्यावरची स्ट्राँग, अशी विभागणी आहे, आणि देशभर खपणाऱ्या बिअरचा मोठा हिस्सा स्ट्राँगचाच असतो. परमिट रूममध्ये बसलेला माणूस रुपयाला किती झिंग मिळेल याचा हिशेब करतो, त्यात गैर काही नाही. पण त्या हिशेबात चवीचा रकाना नसतो. गोडसर, जड, घसा जाळणारी आणि दुसऱ्या दिवशी डोके धरायला लावणारी ती बिअर पिऊन वाढलेल्या पिढीला बंड करायचे होते तर ते कशाविरुद्ध? चवीचा अभाव ही अमेरिकन तक्रार तिला होतीच, पण त्याहून मोठी तक्रार जडपणाची होती. म्हणून पुण्यात २००९ मध्ये जागेवरच बिअर करणारी डूलाली सुरू झाली, पुढे मुंढव्यात इंडिपेंडन्स, कोरेगाव पार्कात एफिंगट अशी ठिकाणे निघाली, तेव्हा तिथे गव्हाच्या बिअरने बाजी मारली. जर्मन धर्तीची हेफेवाइझेन आणि संत्र्याची साल व धने घातलेली बेल्जियन विटबिअर या दोघी हलक्या आणि सुवासिक, कडूपणाने नावापुरत्या. २०१५ मध्ये आलेल्या बिरा ९१ ची व्हाइट हीदेखील गव्हाचीच, आणि तिने हीच चव दुकानांतल्या फ्रीजपर्यंत नेली. हेफेवाइझेनचा पहिला घोट घेऊन यात केळे घातले आहे का, असे विचारणारे गृहस्थ प्रत्येक टेबलावर एक तरी निघतात. केळे नसते. तो वास आणि त्यामागून येणारी लवंगेची झाक हे त्या विशिष्ट यीस्टचे काम असते. डूलालीची सफरचंदाची सायडरही अशीच लाडकी झाली, जरी सायडर म्हणजे बिअर नव्हे हे सांगायला शेजारच्या टेबलावरून कोणीतरी तत्पर असतेच.

इथे एक कोडे उरते. मेथी आणि कारले आवडीने खाणारा, पाडव्याला कडुनिंबाची पाने चावणारा मराठी माणूस हॉप्सच्या कडूपणापुढे का बिचकावा? माझी समजूत अशी आहे की आपल्या स्वयंपाकघरात कडू चव एकटी येत नाही. कारल्याला मीठ चोळतात आणि चिंच-गूळ घालतात, पाडव्याच्या कडुनिंबातही गूळ आणि हिंग असतो. आयपीएमध्ये कडू हे शेवटी जिभेवर एकटेच उभे राहते, आणि त्या एकटेपणाची आपल्याला सवय नाही. आंबट-खारटाची मात्र आहे. जर्मनीत गोस्लारला जन्मलेली आणि लाइपझिगला नांदलेली गोझ ही आंबट, धने आणि मीठ घातलेली बिअर १९६६ च्या सुमारास तिथून नाहीशी झाली होती. ऐंशीच्या दशकात ती पुन्हा करू लागले आणि नंतर अमेरिकनांनी तिला चमत्कार म्हणून मिरवले. बिअरमध्ये मीठ, म्हणून ते चकित होत. कोकम सरबतात मीठ आणि जिरे घालणाऱ्या कोकण्याला त्यात चकित व्हायला काही नाही. पुण्या-गोव्याकडच्या कारखान्यांतून कोकमाची आंबट बिअर जेव्हा पुढ्यात येते तेव्हा ती प्रयोग म्हणून नव्हे तर ओळखीची म्हणून पोटात जाते. आंब्याच्या मोसमात येणाऱ्या आंबा-बिअरविषयी मी तितका उदार नाही. पिंपात साखर आंबून जाते आणि मागे राहतो तो बाठ्याचा तुरट वास. त्यापेक्षा हापूस कापून खावा.

सध्या जगभरचे जुनेजाणते शौकीन लागरकडे, म्हणजे थंडाव्यात आंबवून मुरवलेल्या बिअरकडे, परतताना दिसतात: साध्या, पिवळ्या, स्वच्छ पिल्सनरकडे, म्हणजे ज्या कुळाच्या पातळ वंशजांविरुद्ध अमेरिकेत बंड झाले त्याच कुळाकडे. गंमत अशी की पिल्सनरही मुळात कंटाळ्याचेच अपत्य आहे. बोहेमियातल्या पिल्झेन गावच्या लोकांनी १८३८ मध्ये गावची नासकी बिअर पिंपांसकट रस्त्यावर ओतून दिली असे सांगतात; त्यानंतर तिथे नवा कारखाना उभा राहिला आणि १८४२ मध्ये योझेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने पहिली सोनेरी लागर काढली. या बिअरला काही लपवता येत नाही. आयपीएमध्ये हॉप्सचा आणि स्टाउटमध्ये चॉकलेटचा पडदा ओढता येतो. पिल्सनरमध्ये आंबवण्यात जरा घाई झाली की लोण्याचा वास येतो, उकळण्यात कसूर झाली की उकडलेल्या मक्याचा. शिवाय तिला गार टाकीत आठवडेच्या आठवडे निजवून ठेवावे लागते, आणि एकेक टाकी भाड्यासारखी मोजणाऱ्या छोट्या कारखानदाराला तेवढ्या वेळात गव्हाच्या बिअरचे दोन घाणे काढता येतात. म्हणून आपल्याकडे चांगली पिल्सनर नळावर कमी भेटते, आणि भेटली तर मालकाला धंद्यापेक्षा बिअर प्यारी आहे असे खुशाल समजावे.

अमेरिकेत आता नऊ हजारांहून अधिक कारखाने आहेत, आणि ज्या अँकरपासून हे सगळे सुरू झाले त्याने २०२३ मध्ये दार लावले. आपल्याकडे मात्र एक नवी पिढी आली आहे जिने परमिट रूमची स्ट्राँग कधी चाखलेलीच नाही. तिची पहिली बिअरच संत्र्याच्या सालीची होती. तिला जडपणाचा राग नाही, कारण तो तिने सोसलेला नाही. तिला कंटाळा येतो आहे तो केळ्याच्या आणि धन्याच्या वासाचा. गोव्याच्या एट फिंगर एडीसारख्या आयपीए तिच्या टेबलावर दिसू लागल्या आहेत, आणि शनिवारी संध्याकाळी विटबिअरचा ग्लास अर्धा बाजूला सारून याहून कडू काही आहे का, असे विचारणारी मुले-मुली आता अधूनमधून कानावर पडतात. त्यांच्यासाठी मालक मंडळी एखादा नळ राखून ठेवू लागली आहेत, आणि तो नळ नेहमी सर्वांत टोकाचा, भिंतीकडचा असतो.