ॲक्टिन पळताना बघायचं तर मायोसिनने ते सोडायलाही हवं (मोटिलिटी ॲसेचा माझा अनुभव)

आमच्या लॅबमध्ये इन व्हिट्रो मोटिलिटी ॲसे बसवायचं काम माझ्याकडे आलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९८६ मध्ये क्रॉन आणि स्पुडिच यांनी दाखवलेली पद्धत आहे ही, काचेवर मायोसिन (स्नायूतलं ओढणारं प्रथिन) चिकटवायचं, वरून चमकणारे ॲक्टिनचे (मायोसिन ज्याला धरून ओढतं त्या प्रथिनाचे) धागे सोडायचे, एटीपी (पेशीचं इंधन) द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली धागे सरकताना बघायचे. वाचायला सोपं वाटतं, हो ना?

कव्हरस्लिपला नायट्रोसेल्युलोजचा थर, स्लाइडवर डबल साइड टेपच्या दोन पट्ट्या, वर कव्हरस्लिप उलटी ठेवली की मध्ये बारीक चॅनल तयार. त्यात एका बाजूने थेंब सोडायचा आणि दुसऱ्या बाजूने टिश्यू पेपरने ओढून घ्यायचा. बबल आला की ती स्लाइड गेली, सरळ टाकून द्यायची, वाचवायच्या नादाला लागू नका. क्रम असा: आधी एचएमएम, म्हणजे मायोसिनचा डोकी (ॲक्टिन पकडणारे भाग) असलेला तुकडा, मग मोकळ्या जागा भरायला बीएसए हे साधं प्रथिन, मग रोडामिन फॅलॉयडिन (ॲक्टिनला चिकटणारा चमकणारा रंग) लावलेलं ॲक्टिन.

इथपर्यंत एटीपी नसतो, त्यामुळे धागे नुसते चिकटून पडलेले दिसतात, मेल्यानंतर स्नायू ताठ होतात ना, तीच अवस्था. आता एटीपी गेला की पळायला पाहिजेत, पण आमचे धागे एका टोकाला अडकलेले आणि बाकीचा भाग नुसता वळवळतोय, काही तर डोळ्यांदेखत तुटून तुकडे होत होते.

कारण होतं डेड हेड्स, म्हणजे एटीपी मिळूनही ॲक्टिन न सोडणारी खराब डोकी. एटीपी म्हटलं की आपल्या डोक्यात ताकद येते, पण एटीपी मायोसिनला येऊन बसतो तेव्हा पहिली गोष्ट होते ती म्हणजे मायोसिन ॲक्टिनला सोडतं. मग एटीपीचं विघटन होऊन डोकं पुढच्या झटक्यासाठी तयार होतं, परत ॲक्टिन पकडतं, फॉस्फेट बाहेर पडतो आणि ५ ते १० नॅनोमीटरचा झटका बसतो. एडीपी (एटीपीतून फॉस्फेट गेल्यावर उरलेला भाग) निघून गेला की नवा एटीपी येईपर्यंत पकड घट्टच. दोर ओढताना एका हाताने धरलं की दुसऱ्याने सोडावंच लागतं, इथे खराब झालेली डोकी सोडतच नव्हती आणि चांगल्या डोक्यांची मेहनत त्यांच्यापायी वाया जात होती. त्यात स्नायूतलं मायोसिन आपल्या चक्रातला अगदी थोडाच वेळ धरून असतं, त्यामुळे थोडी खराब डोकीसुद्धा भारी पडतात.

उपाय मात्र मस्त आहे, मला तर ॲसेपेक्षा हाच जास्त आवडला. एचएमएममध्ये भरपूर ॲक्टिन आणि एटीपी घालून अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. चांगली डोकी ॲक्टिन सोडून वरच्या द्रवात राहतात, खराब डोकी ॲक्टिनला धरून तळाला जातात. वरचा द्रव तेवढा घ्यायचा, बस. शिवाय रंगीत धाग्यांच्या आधी साधं, बिनरंगी ॲक्टिन एटीपीसोबत एकदा चॅनलमधून फिरवलं की उरलीसुरली खराब डोकी त्यातच अडकतात.

शेवटच्या बफरमध्ये ग्लुकोज, ग्लुकोज ऑक्सिडेज आणि कॅटालेज विसरू नका, ऑक्सिजन काढला नाही तर लाइटखाली रंगही जातो आणि धागेही तुटतात. मीठ जास्त झालं तर धागे पृष्ठभाग सोडून तरंगत निघून जातात, तिथे बफर घट्ट करणारं मिथाइलसेल्युलोज कामाला येतं. आणि तापमान लिहून ठेवा बाबांनो, त्याच्यावर वेग खूप बदलतो, ३० अंशांना सेकंदाला ५ मायक्रोमीटरच्या आसपास मिळाला की समजायचं जमलं.

आता नॉन-मसल मायोसिन (स्नायू सोडून इतर पेशींतलं) लावून बघतोय, पेशी सरकते तेव्हा पुढची कड ॲक्टिनचे नवे धागे वाढून ढकलली जाते आणि मागचा भाग आवळून पुढे घ्यायचं काम बरंचसं हे करतं. त्याच्या लाइट चेनवर (त्याला जोडलेली छोटी प्रथिन साखळी) आधी फॉस्फेट बसवावा लागतो, नाहीतर ढिम्म हलत नाही, आणि बसवल्यावरही इतकं हळू जातं की दोन फ्रेममधलं अंतर वाढवल्याशिवाय वेग मोजताच येत नाही.