टेप संपायची ती जागा

१९९६ च्या दिवाळीला दादा पुण्याच्या होस्टेलवरून घरी आला, तेव्हा त्याच्या बॅगेत नव्वद मिनिटांची एक कॅसेट होती आणि तिच्या पांढऱ्या पट्टीवर बॉलपेनने 'आयर्न मेडन, १९८४' एवढेच लिहिलेले होते. आयर्न मेडन या लंडनच्या मेटल बँडचा त्या सालचा अल्बम खोलीतल्या मित्राच्या डबल डेकवर त्याने तिच्यावर उतरवून आणला होता. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची असते आणि तो अल्बम जवळजवळ एक्कावन्न मिनिटांचा आहे, हा हिशेब उतरवताना कोणी केला नव्हता, आणि दुसऱ्या बाजूवर आधीच भलतीच गाणी भरलेली होती. त्यामुळे पावणेचौदा मिनिटांचे शेवटचे गाणे आठेक मिनिटे वाजायचे, टेप संपायची, बटण खट्‌कन वर यायचे आणि खोलीत शांतता पसरायची. सोलापूरच्या पूर्व भागात आमचे घर यंत्रमागाच्या कारखान्याला लागून होते. शेजारची पाळी संपून माग थांबले की मगच नीट ऐकू येई, आणि म्हणून ती शांतता मला फार मोठी वाटायची.

त्या आठ मिनिटांत एक म्हातारा खलाशी आपली कहाणी सांगतो. त्याने कारण नसताना एक अल्बट्रॉस पक्षी मारला आहे, वारा पडला आहे, जहाज समुद्रात खिळल्यासारखे उभे आहे आणि चहूकडे पाणी असून प्यायला थेंब नाही. मग वाद्ये एकेक करून थांबतात आणि मागे फक्त बासगिटारचे सावकाश सूर आणि जहाजाच्या लाकडांची करकर उरते. हे गाणे ज्या जुन्या इंग्रजी कवितेवरून रचले आहे, तिच्यातल्या ओळी त्या करकरीत एक धीरगंभीर आवाज जशाच्या तशा म्हणतो. दोनशे खलाशी एकामागून एक मरून पडतात. यानंतर ड्रम हळूहळू परत येतात, गिटार उसळी घेऊ पाहते, आणि नेमकी तेव्हाच आमची टेप संपायची. इंग्रजी मला बेताचे येत होते, शब्दकोश घेऊन मी एकेक ओळ लावली होती, पण पुढच्या ओळी माझ्याकडे नव्हत्याच. दोन-अडीच महिने तो खलाशी माझ्यापुरता त्या मेलेल्या माणसांमध्येच उभा राहिला.

मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. मराठी माध्यमातून आलेली असल्याने इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर बसून असायचे. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेची सुट्टी संपल्यावर, मॅडमनी कोलरिजची १७९८ साली प्रसिद्ध झालेली ती दीर्घ कविता शिकवायला घेतली आणि पहिल्याच तासाला, हा म्हातारा लग्नाला निघालेल्या पाहुण्याला का अडवतो, असे वर्गाला विचारले. मी उभी राहिले आणि अडखळत्या इंग्रजीत आणि बऱ्याचशा मराठीत पक्ष्यापासून दोनशे माणसांच्या मरणापर्यंत सगळे सांगून टाकले. मॅडम म्हणाल्या, "अगं, मग पुढे?" पुढचे मला ठाऊक नाही, असे मी सांगितले. एवढे बारकाईने वाचलेल्या मुलीला शेवट कसा माहीत नाही, याचे त्यांना नवल वाटले असावे. पाण्यातल्या सापांचे सौंदर्य पाहून त्या माणसाच्या तोंडून नकळत आशीर्वाद निघतो आणि गळ्यात बांधलेला मेलेला पक्षी आपोआप समुद्रात गळून पडतो, हे मला त्या वर्गात कळले. तो भाग वाजतो कसा, हे मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत दादाने अख्खी कॅसेट विकत आणली तेव्हा ऐकायला मिळाले. शाप उतरल्यावर हे गाणे कुठल्या नव्या चालीवर जात नाही. ते सुरुवातीच्याच धुनेवर परत येते, कारण गावोगाव फिरून तीच कहाणी पुन्हा पुन्हा सांगत राहणे एवढेच आता त्या माणसाच्या हाती उरले आहे. कविता मी समजून घेतली होती, पण तिचा आकार मला त्या शेवटच्या पाच मिनिटांत दिसला.

हे गाणे लिहिणारा स्टीव्ह हॅरिस हा या बँडचा संस्थापक. १९७५ च्या नाताळात, पूर्व लंडनच्या लेटन भागात, त्याने आयर्न मेडनची स्थापना केली. बासगिटार एरवी मागे राहून साथ करते. हॅरिस ती बोटांनी वाजवतो, पिक वापरत नाही, आणि त्याच्या बँडमध्ये तीच पुढे चालते. तिची ती ओळखीची दौड आज मी शाळेत मराठी शिकवताना दरवर्षी मनात ऐकते. वृत्तांचा धडा आला की फळ्यावर गण मांडायचे असतात, आणि 'यमाताराजभानसलगा' म्हणत मुले 'भानस'पाशी येतात, तेव्हा एक गुरू आणि दोन लघू, एक गुरू आणि दोन लघू, असा तो भगण मी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवते. एक लांब आणि त्याच्या निम्म्याचे दोन आखूड, हीच मेडनची चाल आहे. दोधक वृत्तात असे तीन भगण आणि शेवटी दोन गुरू येतात. मुलांना हे वृत्त इतर वृत्तांपेक्षा लवकर पाठ होते, याचे श्रेय मी मनातल्या मनात त्या लंडनच्या माणसाला देते.

मी या बँडची झाले तो काळ त्याच्या पडतीचा होता, हे मला पुष्कळ उशिरा समजले. गिटारवादक एड्रियन स्मिथ १९९० मध्ये आणि गायक ब्रूस डिकिन्सन १९९३ मध्ये सोडून गेले होते आणि १९९४ पासून ब्लेझ बेली गात होता. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला आणि जड, त्यामुळे डिकिन्सनच्या उंच स्वरांसाठी बांधलेली जुनी गाणी त्याला कार्यक्रमात अवघड जात. दादाच्या मित्रांनी मेडन ऐकणे सोडले होते. "आता काय राहिलं नाही बे त्यात," असे ते आमच्या ओसरीवर बसून म्हणायचे. मला हे तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. बेलीच्या वाट्याला १९९५ आणि १९९८ असे दोनच अल्बम आले. ते सावळे आहेत, काही जागी लांबलेलेही आहेत, पण त्यांतल्या दोन-तीन मोठ्या रचना इतक्या भक्कम आहेत की परत आल्यावर डिकिन्सनने त्या स्वतः मंचावर गायल्या. आपण आलो तेव्हा ज्याचा आवाज होता, त्याला परके मानायचे नाही, एवढे मी ठरवून टाकले होते. कीर्तनकार बदलला म्हणून टाळकरी घरी जात नाहीत.

१९९९ मध्ये डिकिन्सन आणि स्मिथ दोघेही परतले. स्मिथच्या जागी आलेल्या यानिक गर्सला मात्र कोणी जा म्हटले नाही, आणि तेव्हापासून डेव्ह मरे, स्मिथ आणि गर्स असे तीन गिटारवादक मंचावर आहेत. या निर्णयाचे मला अजून कौतुक वाटते. ही बातमी दादाने पुण्याहून पोस्टाने पाठवलेल्या 'रॉक स्ट्रीट जर्नल'च्या अंकात होती. अंकातले एडीचे चित्र, म्हणजे डेरेक रिग्जने रंगवलेला या बँडचा तो हाडांचा सोबती, मी कापून भिंतीला लावले, तेव्हा आईने एवढेच सांगितले की देवघराच्या भिंतीला ते नको. मी ते अभ्यासाच्या कोपऱ्यात हलवले आणि घर बदलेपर्यंत ते तिथेच राहिले.

मार्च २००७ मध्ये मेडन पहिल्यांदा भारतात, बंगळुरूला, येऊन गेले. सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेस थेट जाते, पण माझ्या वर्गाची परीक्षा होती आणि जाता आले नाही. पुढच्याच वर्षी, १ फेब्रुवारी २००८ रोजी, त्यांच्या नव्या जागतिक दौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईला असल्याचे कळल्यावर मी मुख्याध्यापकांकडे दोन दिवसांची किरकोळ रजा मागितली आणि कारणाच्या रकान्यात 'घरगुती' असे लिहिले. ते खोटे होते असे मला वाटत नाही. ३१ जानेवारीच्या रात्री दादा आणि मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसलो. आईने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली होती. दादा तोपर्यंत दोन मुलांचा बाप झाला होता आणि वर्षानुवर्षे त्याने काही ऐकले नव्हते, पण दौंड येईपर्यंत आम्ही बोलत बसलो. त्या दौऱ्याला बँडने एक बोइंग ७५७ विमान भाड्याने घेतले होते आणि ते चालवायला कॅप्टन म्हणून स्वतः डिकिन्सन बसला होता. हे वर्तमानपत्रात वाचून आप्पांनी विचारले होते, "मग गातो कधी?"

वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर त्या संध्याकाळी धूळ फार होती. दौरा ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा होता आणि मंचावर त्या १९८४ च्या अल्बमचाच इजिप्ती देखावा उभा केला होता. पहिल्या अर्ध्या तासातले मला फारसे आठवत नाही, कारण मी ओरडत होते. मग ते शेवटचे गाणे मध्येच आले. जहाज थांबले, वाद्ये थांबली, मंचावर अंधार झाला आणि ती लाकडांची करकर आता कॅसेटमधून नव्हे, तर समोरच्या हवेतून आली. इतका वेळ गर्जणारे ते मैदान गप्प झाले. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका मुलाने टोपी काढून हातात धरली होती. ड्रम परत यायला लागले आणि माझा उजवा अंगठा आपोआप दाबल्यासारखा वाकला. अकरा वर्षांपूर्वी टेप संपण्याआधी रेकॉर्डर बंद करायची मला सवय लागली होती, म्हणजे ते 'खट्' ऐकावे लागू नये. दादाने माझ्याकडे पाहिले. त्यालाही ती जागा आठवत होती. "थांब की गं, आता वाजतंय पुढचं," तो कानाशी येऊन म्हणाला, आणि पुढचे वाजले.

त्यानंतरच्या अल्बमांविषयी सविस्तर लिहिणार नाही. २०१५ मध्ये त्यांनी पावणेचौदा मिनिटांचा स्वतःचा विक्रम अठरा मिनिटांच्या गाण्याने मोडला. ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये कोसळलेल्या आर-१०१ या ब्रिटिश हवाई जहाजावर ते आहे आणि त्या अपघातात ४८ माणसे गेली. सोलापूरकराला १९३० म्हटले की मार्शल लॉ आणि चार हुतात्मे आठवतात. त्याच वर्षी त्याच साम्राज्याच्या आकाशात काय चालले होते, हे मला एका गाण्यामुळे शोधावेसे वाटले. डिकिन्सनने ते रचले तेव्हा त्याच्या जिभेवरच्या कर्करोगाचे निदान अजून व्हायचे होते. उपचार पूर्ण करून तो पुढच्याच वर्षी दौऱ्यावर निघाला.

निको मॅकब्रेनविषयी मात्र लिहायला हवे. १९८२ च्या अखेरीपासून तो मेडनचा ड्रमवादक होता. बहुतेक मेटल ड्रमवादक बासड्रमला दोन पायांनी दोन पेडल वापरतात, निको मात्र त्या भरधाव चाली एकाच पायाने, एकाच पेडलवर वाजवत आला. जानेवारी २०२३ मध्ये त्याला पक्षाघात झाला आणि खांद्यापासून उजवी बाजू गेली. तेव्हा तो सत्तर वर्षांचा होता. मेच्या अखेरीस तो स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना इथे पुन्हा ड्रमवर बसला आणि आपल्याला काय झाले होते ते त्याने ऑगस्टपर्यंत जगाला सांगितले नाही.

आदल्या पावसाळ्यात आमच्या आप्पांनाही पक्षाघात झाला होता आणि त्यांचीही उजवीच बाजू गेली होती. चाळीस वर्षे ते मागावर होते. चालत्या मागावर धागा तुटला की अंगठा आणि दोन बोटांनी त्याला गाठ मारून ते पुढे जात, आणि ती गाठ इतकी झटकन बसे की लहानपणी मी कितीदा शेजारी उभी राहून बघितली तरी ती मला कधी दिसली नाही. फिजिओथेरपीच्या ताईंनी त्यांना दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो त्यांनी चार दिवस दाबला आणि मग मला सुताची कांडी आणायला सांगितली. रोज दुपारी ते खिडकीपाशी बसून धागा तोडत आणि जोडत. पहिल्या महिन्यात एक गाठ बसायला पाच-सात मिनिटे लागत. निकोची बातमी मी त्यांना वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी त्याचे वय विचारले आणि तो कुठला हात आधी वापरतो, हेही विचारले.

७ डिसेंबर २०२४ रोजी ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या कार्यक्रमाने निकोने दौरे थांबवले. आपल्याकडे ८ तारखेची, रविवारची सकाळ होती. तिथल्या लोकांनी टाकलेली छोटी छोटी चित्रणे मी फोनवर एकामागून एक पाहत होते आणि रडत होते. आप्पा शेजारी येऊन बसले. त्यांनी फोन डाव्या हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि एक चित्रण संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग उजव्या हाताच्या बोटाने, जरा थरथरत, त्यांनी ते स्वतःच पुन्हा सुरू केले.

"मनगट बघ त्याचं," ते म्हणाले. "मोकळं सुटलंय की गं."