१४० मिमीच्या पंख्यांची घरघर: गुन्हेगार पत्रा नव्हे, जाळी

मागच्या नोंदीत कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा दर्शनी पत्रा कापून जाळीमागे १४० मिमीचे दोन पंखे बसले होते आणि आता फक्त रंग उरला, असं ठरलं होतं. रंग बाजूलाच राहिला. पंखे ९०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) वर गेले की घरघर सुरू होते, आणि १०००च्या आसपास ती सेकंदाला दोनेक वेळा चढते-उतरते: वूं... वूं... वूं.

पहिला संशय डाव्या झाकणावर. ०.७ मिमीचा पत्रा, टिचकी मारली की पिंपासारखा वाजतो. गाडीच्या दारांना आतून लावतात ती बिट्युमेनची शीट चिकटवली. टिचकीचा आवाज बसका झाला, घरघर जशीच्या तशी. मग स्क्रू काढून रबरी पिना लावल्या, फरक शून्य. खरं तर झाकण उतरवून पंखे चालवून बघणं ही पहिली चाचणी हवी होती. झाकणाशिवायही आवाज तोच आहे. ती चाचणी फुकट होते, शीट फुकट मिळत नाही.

दिशा दिली फोनवरच्या, आवाजातल्या वारंवारता दाखवणाऱ्या स्पेक्ट्रम अ‍ॅपने. ११७ हर्ट्झला उंच सुळका, बरोबर दुपटीला म्हणजे २३३ला दुसरा, जरा बुटका. आरपीएमला ६०ने भागा, पात्यांच्या संख्येने गुणा: १००० ÷ ६० × ७ = ११६.७. म्हणजे पत्रा वाजत नाहीये, पाती वाजताहेत. दुसरा पंखा त्याच पीडब्ल्यूएमवर (वेग ठरवणारा सिग्नल) ९८०ने फिरत होता, म्हणजे ११४.३ हर्ट्झ. दोघांमधला २.३ हर्ट्झचा फरक हीच ती वूं-वूं. स्प्लिटरवर (एका सॉकेटचे दोन करणारी वायर) दोन्ही पंखे जोडले की एका वेगाने फिरतात हा गैरसमज आहे. सिग्नल एकच जातो, वेग ज्याचा त्याचा.

मग एक पंखा सुटा करून त्याच्या चौकटीला धरून हातात घेतला. मोकळ्या हवेत नुसती सळसळ. जाळीजवळ नेत गेलं तर बोटभर अंतरावर गुणगुण सुरू, ४ मिमीवर पूर्ण घरघर. पंखा उलटा करून हवा जाळीतून बाहेर ढकलली, तर त्याच ४ मिमीवर आवाज जेमतेम. आत ओढली जाणारी हवा भोकांमधल्या पट्ट्यांवरून फाटून येते आणि प्रत्येक पातं त्या फाटक्या हवेवर आपटतं. जाळी हवा बाहेर पडण्याच्या बाजूला असली की पात्यांना स्वच्छ हवा मिळते. म्हणून मागच्या एक्झॉस्टला (हवा बाहेर टाकणारा पंखा) तशीच जाळी असून तो कधी कुरकुरला नाही.

जाळीची निवडही चुकलीच होती. ‘३ मिमी भोक’ एवढंच सांगून आणली, पिच (शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर) विचारला नाही. निघाला ५ मिमी. तिरक्या ओळींच्या गोल भोकांसाठी मोकळी जागा = ९०.७ × (भोक ÷ पिच)² टक्के. म्हणजे इथे फक्त ३३. तेच भोक ४ मिमी पिचवर ५१ टक्के देतं, आणि ५ मिमी भोक ६ मिमी पिचवर ६३. दुकानात पिच तोंडी विचारू नका, कॅलिपर न्या: पहिल्या भोकाच्या डाव्या कडेपासून अकराव्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, दहाने भागा.

उपाय म्हणून आधी ठरलं होतं मेलेल्या पंख्यांच्या चौकटींचं: मधला मोटरचा भाग आणि दांड्या कापायच्या, २५ मिमीची रिकामी चौकट जाळी आणि पंख्याच्या मध्ये घालायची, एम४ × ६०चे बोल्ट आरपार. पण ग्राफिक कार्ड २९२ मिमी लांब आणि पुढे मोकळी जागा ३१०. २५ गेले की २८५. संपलं. हे लिहिता लिहिता पुढचा प्लॅस्टिकचा बेझल (दर्शनी आवरण) उलटा करून मोजला, तर आत २४ मिमी पोकळी. पंखे कशाला मागे न्यायचे, जाळीच पुढे न्यावी!

दुसऱ्या दिवशीची भर. ३.२ मिमीच्या ड्रिलने जुन्या जाळीचे पॉप रिव्हेट उडवले (मदरबोर्ड बाहेर काढून, लोखंडी कीस पिशवीत गुंडाळलेल्या चुंबकाने गोळा केला). ५/६ची (५ मिमी भोक, ६ मिमी पिच) नवी जाळी बेझलच्या आत बसवली, पंख्यापासून २२ मिमी. ११७चा सुळका अ‍ॅपवर शोधावा लागतो, १००० आरपीएमवर फक्त वारा ऐकू येतो.

पण उदबत्ती बेझलच्या कडेला धरली तर धूर कॅबिनेटमधूनच परत फिरून पंख्यात जात होता. जाळी आणि पत्रा यांच्यामधली फट बंद करायलाच हवी. ईव्हीए फोमच्या पट्ट्यांची चौकट लावली, फोम दोनेक मिमी दाबला जाईल एवढी जाड. धूर सरळ झाला आणि कार्ड ७९वरून ७३ अंशांवर आलं. यातलं जाळीचं किती आणि फोमचं किती, हे वेगळं मोजलेलं नाही.

पत्र्यात भोकं कशी कापली, असं जे विचारत होते त्यांच्यासाठी: १३५ मिमीची गोल भोकं जिगसॉने, २४ टीपीआयचं (इंचाला २४ दाते) बायमेटल ब्लेड, पत्र्याखाली ६ मिमी प्लायवूड क्लॅम्प करून. प्लाय नसेल तर पत्रा फडफडतो आणि कड वाकते. स्क्रूंच्या भोकांचं अंतर १२४.५ मिमी, पण काही गोल चौकटींच्या १४० पंख्यांना १२० मिमीवाल्यांचं १०५ मिमीचं माप असतं, तेव्हा पंखा ठेवूनच खुणा करा. कापलेल्या कडांना झिंक प्रायमर, त्यावर यू-आकाराची रबर बीडिंग. प्रायमर टाळला तर पावसाळ्यात बीडिंगखालून गंज धरतो.

वरचाही पत्रा कापायचा बेत होता, तो रद्द. त्याऐवजी नायलॉनच्या मच्छरदाणीचा फिल्टर, जाळीच्या बाहेरून चुंबकपट्टीवर. आतून लावला तर धुण्यासाठी दर वेळी बेझल ओढावा लागेल, आणि त्याच्या सहापैकी एक क्लिप आताच तुटली आहे.