त्यांना शिकायचंच नसतं का?

पुण्याला गेले की हा प्रश्न ठरलेला. मी इंग्लंडमध्ये एका कौन्सिलसाठी, म्हणजे तिथल्या नगरपालिकेसारख्या संस्थेसाठी, जिप्सी, रोमा आणि ट्रॅव्हलर या मूळच्या भटक्या समाजांतल्या मुलांच्या शाळेचं काम बघते, हे कळलं की चहा गार व्हायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "पण त्या लोकांना मुलांना शिकवायचंच नसतं ना?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्राथमिक शाळेबद्दल आया फारशी तक्रार करत नाहीत. शाळा लहान, बाई ओळखीच्या. गाडी अडते अकराव्या वर्षी. हजारभर मुलांची माध्यमिक शाळा, 'पायकी' म्हणून हिणवणारी पोरं, आणि आईबापांना स्वतःच्या शाळेच्या आठवणी. मग 'आम्ही घरीच शिकवू' असं पत्र येतं आणि पटावरून नाव जातं. कायद्यानं बरोबर. पण ते पत्र सुचवलं कोणी? एका शाळेनं तर मसुदाच तयार ठेवला होता, पालकांनी फक्त सही करायची.

राहिलं फिरणं. ते दरवेळी हौसेचं नसतं. या लोकांना चाकांवरची घरं उभी करायला तळ पुरवण्याची कौन्सिलांवरची सक्ती 1994 साली काढून टाकली. जागा नाही म्हणून रस्त्याकडेला थांबायचं, तिथून हुसकावलं की पुढं जायचं. शाळेचं पत्र मात्र जुन्याच पत्त्यावर.

कामासाठी फिरणाऱ्यांना कायद्यात वाट आहे. हजेरीत 'टी', म्हणजे पालक कामासाठी फिरतीवर असल्याची खूण, लागतो, नाव मूळ शाळेत राहतं, वाटेतल्या शाळेतही घालता येतं. मूल सहा वर्षांचं झालं की वर्षात निदान 200 अर्धे दिवस हजेरी हवी, मग पालकांना गैरहजेरीच्या खटल्यातून सुटता येतं. ही सूट पालकांसाठी. काही शाळा तिलाच उद्दिष्ट समजतात! वर्ष असतं 380 अर्ध्या दिवसांचं. उरलेल्या 180 साठी वह्यापुस्तकं बरोबर कोण देणार, यावरून माझं वर्षभर भांडण चालू.

स्लोव्हाकियातून आलेला एक रोमा मुलगा होता, सात वर्षांचा. 'अंक येत नाहीत' असा शेरा होता, चाचणी अर्थात इंग्रजीत. मी त्याला घरच्या भाषेत मोजायला सांगितलं.

"येक, दुय, त्रिन, श्तार, पांज."

मी थक्क. त्याला आमचं म्हणून दाखवलं: एक, दोन, तीन, चार, पाच.

त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "दोन नाही. दुय." मग माझ्याकडून तीनदा घोकून घेतलं.