उन्हाळ्यात ताक प्यावे, पण कोणते?

परभणी-नांदेडकडे पारा 42 अंशांवर गेला की घरोघरी ताकाचे माठ भरतात. पण आयुर्वेद ताकाला सरसकट थंड मानत नाही. आंबट, दाट ताक पित्त वाढवते, म्हणून उष्णकाळात आणि चक्कर, रक्तपित्त (नाकातोंडातून रक्त पडणे) असताना ते वर्ज्य सांगितले आहे. ही अट आपण फार सहज विसरतो.

भेद पाण्याचा आहे. दह्यात चौथा हिस्सा पाणी घालून घुसळले की तक्र, निम्मे घातले की उदश्वित. लोणी काढून भरपूर पाणी घातलेली ती छच्छिका. हलकी, तहान आणि पित्त शमवणारी. मे महिन्यात हीच घ्यावी: एक वाटी गोड दह्याला तीन-चार वाट्या माठातले पाणी, चिमूटभर जिरेपूड.

बिघडते ते विरजणापाशी. आपल्याकडच्या उकाड्यात दही चार-पाच तासांतच लागते. तसेच राहिले की आंबते. विरजण थेंबभरच घालावे, लागताच भांडे गार जागी ठेवावे. आंबलेल्यात साखर ढवळली तरी आंबटपणा फक्त झाकला जातो.

वातासाठी सैंधव, पित्तासाठी साखर, कफासाठी सुंठ-मिरे-पिंपळी. रक्तदाब असेल तर मीठ टाळाच. आणि ऊन लागून ताप चढला, माणूस बरळू लागला, तर ताक पाजत बसू नका. ओल्या कपड्याने अंग पुसत सरळ दवाखाना गाठा.